भगवा दर गठ्ठ्यात का बदलतो? ऑफसेट छपाईत रंग जुळवणं आणि जुळलेला टिकवणं

मॅजेंटा (गुलाबी-लाल शाई) ६० टक्के, पिवळा १००. दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर किंवा लग्नपत्रिकेवर भगवा हवा असला की डिझायनर साधारण हेच आकडे टाकतो. यातला पिवळा फारसा त्रास देत नाही. १०० टक्के म्हणजे शाईचा सलग थर, तिथे ठिपकेच नाहीत. हलतो तो मॅजेंटा. फाइलमधले ६० टक्क्यांचे ठिपके कागदावर उतरताना दाबाने आणि शाई पसरल्याने फुगतात आणि ७५ टक्क्यांच्या आसपास भरतात. हा फुगवटा, म्हणजे डॉट गेन, दर वेळी तेवढाच राहिला तर भगवा प्रत्येक तावावर सारखा येईल. पण पाणी, ब्लँकेट (प्लेटवरची शाई कागदावर नेणारं रबरी आवरण), कागद यातलं काहीही बदललं की ७५ चे ७० होतात किंवा ८०. सत्तरला भगवा झेंडूच्या पिवळेपणाकडे झुकतो, ऐंशीला शेंदराकडे.

अशा वेळी मशीनवर पहिला हात जातो तो शाईच्या चावीकडे, म्हणजे तावाच्या एका पट्ट्यात किती शाई जावी ते ठरवणाऱ्या नियंत्रणाकडे. मॅजेंटा जास्त दिसतोय, तर चावी कमी करा. भगवा थोडा सुधारतो, पण त्याच पट्ट्यात पुढे छापलेल्या साडीचा गडद लाल फिका पडतो. कारण चावीने शाईच्या थराची जाडी कमी होते, ठिपक्याचा फुगवटा मात्र फारसा उतरत नाही. रंगाच्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथे आहे: चूक एकीकडे, दुरुस्ती दुसरीकडे. चावी ही शेवटी फिरवायची गोष्ट. तिच्या आधीचं सगळं जागेवर असलं, तर तिला फार हात लावावाच लागत नाही.

आकडे कुठले आणि ते काय सांगतात

आर्ट पेपरवर, म्हणजे गुळगुळीत लेप दिलेल्या कागदावर, शाईचा थर साधारण एक मायक्रॉनचा असतो, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तो थेट मोजता येत नाही म्हणून डेन्सिटी मोजतात. शाईवर पडलेल्या प्रकाशातला किती परत आला, यावरून हा आकडा निघतो. डेन्सिटी १.० असेल तर दहा टक्के प्रकाश परत आला, २.० असेल तर एकच टक्का. आर्ट पेपरवर सियान (निळसर शाई) आणि मॅजेंटाची सलग डेन्सिटी १.४० ते १.५०, काळ्याची १.७० ते १.८५ अशी ठेवतात. पिवळ्याच्या आकड्याबाबत मात्र सावध राहावं. डेन्सिटोमीटर, म्हणजे डेन्सिटी मोजायचं यंत्र, ‘स्टेटस टी’ या मोजणीच्या पद्धतीवर असेल तर १.० च्या आसपास येतो, ‘स्टेटस ई’वर असेल तर तोच थर १.४० च्या आसपास दिसतो. दोन छापखान्यांनी एकमेकांना फोनवर आकडे सांगताना हे विचारून घेतलं नाही की गोंधळ ठरलेला.

डेन्सिटीला एक मोठी मर्यादा आहे. ती शाई किती ते सांगते, शाईचा रंग कोणता ते सांगत नाही. वॉश-अप, म्हणजे रोलर धुणं, नीट झालं नाही आणि पिवळ्याच्या युनिटमध्ये (मशीनच्या तो एक रंग छापणाऱ्या भागात) मॅजेंटाचा अंश राहिला, तर पिवळा मळकट, केशरट येतो आणि डेन्सिटी मात्र बरोबर दाखवते. शाईची कंपनी बदलली तरी असंच होऊ शकतं. इथे स्पेक्ट्रोफोटोमीटर लागतो. तो रंग तीन आकड्यांत मांडतो: एल म्हणजे उजळपणा, ए म्हणजे हिरवा ते लाल, बी म्हणजे निळा ते पिवळा. ‘आयएसओ १२६४७-२’ हे ऑफसेटचं आंतरराष्ट्रीय मानक याच भाषेत बोलतं. आर्ट पेपरवरचा सलग सियान एल ५५, ए उणे ३७, बी उणे ५० च्या जवळ यावा. मॅजेंटा ४८, ७४, उणे ३ च्या जवळ. आलेला रंग आणि हवा असलेला रंग यांतलं अंतर म्हणजे डेल्टा ई. सलग रंगांना हे मानक पाचपर्यंत सूट देतं. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन तावांत दोन-अडीचचा फरक सरावलेल्या डोळ्याला कळतो, पाचचा तर कोणालाही. म्हणून पाकिटं आणि खोकी छापून घेणाऱ्या मोठ्या कंपन्या दोन-तीनच्या आत मागतात.

फाइल, पडदा आणि प्रूफ

मोबाइलवर पाठवलेलं चित्र बघून ‘ओके, छापा’ असं कळवणारा ग्राहक आणि ते मान्य करणारा छापखाना, दोघंही पुढच्या भांडणाची तयारी करत असतात. पडदा स्वतः प्रकाश फेकतो, कागद फक्त आलेला प्रकाश परतवतो. झगझगीत केशरी, पोपटी हिरवा आणि गडद निळा हे पडद्यावरचे रंग चार शायांच्या आवाक्याबाहेरचे आहेत. भगवा हीच एखाद्या संस्थेची ओळख असेल, तर तो चार रंगांत शोधत बसू नये. ‘पॅन्टोन ऑरेंज ०२१’सारखी तयार शाई पाचवा रंग म्हणून घ्यावी. एक प्लेट आणि एक युनिट जास्त लागतं, पण ठिपके नसल्याने रंग हलण्याचं मुख्य कारणच जातं.

निळ्याचंही असंच. सियान १०० आणि मॅजेंटा १०० टाकला की पडद्यावर निळा दिसतो आणि कागदावर जांभळा येतो. दोघांत किमान तीस टक्क्यांचं अंतर ठेवलं, म्हणजे १०० आणि ७० घेतलं, तर निळा निळाच राहतो. चेहऱ्यांमध्ये पिवळा मॅजेंटाइतका किंवा त्याहून थोडा जास्त हवा आणि सियान मॅजेंटाच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाइतका. मॅजेंटा पिवळ्याच्या वर गेला की आपल्याकडचे चेहरे भाजल्यासारखे लाल दिसतात. छोटा मजकूर फक्त काळ्यात ठेवावा. मोठ्या काळ्या पृष्ठभागाला मात्र नुसता काळा १०० राखाडी वाटतो. तिथे सियान ६०, मॅजेंटा ४०, पिवळा ४० ची जोड द्यावी.

चारही शायांची बेरीज आर्ट पेपरवर ३०० ते ३३० टक्क्यांच्या आत राहावी, न्यूजप्रिंटवर २४० च्या आसपास. याहून जास्त शाई वाळत नाही. खालच्या तावाची शाई वरच्या तावाच्या पाठीला लागते. ही बेरीज हाताने सांभाळायची नसते. आरजीबीतून (पडद्याचे लाल, हिरवा, निळा) सीएमवायकेत (छपाईच्या चार शाया) जाताना योग्य आयसीसी प्रोफाइल, म्हणजे रंग-रूपांतराची फाइल, निवडलं की ती आपोआप मर्यादेत येते. आर्ट पेपरसाठी ‘फोग्रा ३९’ किंवा त्यानंतरचं ‘फोग्रा ५१’, मॅपलिथोसाठी (लेप नसलेल्या कागदासाठी) ‘फोग्रा ५२’ हे प्रोफाइलमागचे नेहमीचे पाये आहेत. कोणताही चालेल, पण डिझायनर, प्रूफ (छपाईआधीचा रंगाचा नमुना) काढणारा आणि प्लेट बनवणारा तिघांनी एकच धरायला हवा. एकाने ३९ आणि दुसऱ्याने ५१ धरला की फरक छोटा असतो, आणि छोटा असल्यामुळेच तो कुठून आला ते सापडत नाही.

इंकजेटवर काढलेलं प्रूफ खरं प्रूफ तेव्हाच, जेव्हा त्याच्या कडेला मोजपट्टी छापलेली असते आणि ती मोजलेली असते. ७२ चौकोनांच्या पट्टीची सरासरी डेल्टा ई (२००० सालच्या सूत्राने) २.५ च्या आत आणि सर्वांत वाईट चौकोन ५ च्या आत, ही कसोटी. पट्टी नसलेलं प्रूफ म्हणजे रंगीत झेरॉक्स. त्यावर मशीनमनला रंग जुळवायला लावू नये.

प्लेट

सीटीपीवर (कॉम्प्युटरवरून थेट प्लेट बनवणाऱ्या यंत्रावर) बनलेल्या प्लेटवर फाइलमधला ५० टक्के ठिपका किती येतो, हे रोज एका प्लेटवर मोजावं. फरक एखाद्या टक्क्याचाच चालतो. डेव्हलपर (प्लेट धुण्याचं रसायन) थकला, त्याचं तापमान घसरलं किंवा लेझरची ताकद कमी झाली की प्लेट दिसायला ठीक असते, ठिपके मात्र दोन-चार टक्क्यांनी बदललेले असतात. बाहेरून प्लेट बनवून आणणाऱ्या छापखान्यांनी निदान दर जॉबला प्लेटच्या कोपऱ्यात मोजपट्टी मागून घ्यावी.

मशीनवर ठिपका किती फुगतो हे मोजून प्लेट बनवतानाच तेवढी भरपाई करतात. तिला कर्व्ह म्हणतात. आर्ट पेपरवर मानकाप्रमाणे ५० चा ठिपका कागदावर ६६ च्या आसपास यावा. मशीन ७२ देत असेल तर प्लेटवरच तो ठिपका लहान करायचा. हा कर्व्ह मशीनगणिक आणि कागदागणिक वेगळा असतो. आर्ट पेपरचा कर्व्ह मॅपलिथोला लावला की चित्रं काळवंडतात. आणि मशीन बिघडलेलं असताना कर्व्ह काढू नये. ब्लँकेट ढिलं असताना काढलेला कर्व्ह ब्लँकेट बदलल्यावर सगळं फिकं छापेल.

पाणी

ऑफसेटमध्ये रंग बिघडण्याचं सर्वांत दुर्लक्षित कारण पाणी आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

प्लेटचा कोरा भाग पाणी धरतो म्हणून तिथे शाई बसत नाही. पाणी कमी पडलं की कोऱ्या जागी धुरकट रंग येतो आणि ठिपक्यांमधल्या फटी भरतात. पाणी जास्त झालं की ते शाईत मिसळतं, शाई पातळ, फिकी पडते, वाळत नाही. ती फिकी दिसली म्हणून मशीनमन शाई वाढवतो, शाई वाढली म्हणून प्लेट घाण होते, म्हणून पुन्हा पाणी. मीठ जास्त झालं म्हणून आमटीत पाणी, पाणी झालं म्हणून मीठ, तशातला प्रकार. सुटका एकाच बाजूने आहे: आधी पाणी हळूहळू कमी करत प्लेट घाण व्हायला लागते तो बिंदू शोधायचा, त्याच्या जरा वर थांबायचं, आणि त्यानंतरच शाई लावायची.

फाउंटन सोल्युशनचा, म्हणजे मशीनमधल्या या पाण्याचा, पीएच ४.८ ते ५.५ मध्ये हवा. पण नुसता पीएच बघून समाधान मानू नये. त्यात मिसळायच्या फाउंटन कॉन्सन्ट्रेटमध्ये पीएच स्थिर ठेवणारी रसायनं असतात, त्यामुळे पाणी खराब झालं तरी तो आकडा जागचा हलत नाही. खरी खबर कंडक्टिव्हिटी, म्हणजे पाण्याची वीज वाहून नेण्याची क्षमता, देते. नवं मिश्रण केल्यावर तिचा आकडा मोजून मशीनजवळ लिहून ठेवावा. कागदाची धूळ आणि शाई पाण्यात उतरत जाते तसा तो चढतो. तो बराच चढला की टाकी रिकामी करून धुवावी, वरून कॉन्सन्ट्रेट ओतत बसू नये. आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) टाकल्यावर कंडक्टिव्हिटी खाली येते, म्हणून तुलना करायची तर मोजणी दर वेळी त्याच टप्प्यावर व्हावी. टाकीतलं तापमान १० अंशांच्या आसपास. पाणी थंड ठेवणारा चिलर बंद पडलेल्या मशीनवर दुपारी रंग बिघडतो आणि सकाळी परत ठीक होतो, त्यात गूढ काही नाही.

बोअरवेलचं जड पाणी वापरणाऱ्यांना आणखी एक दुखणं असतं. पाण्यातला कॅल्शियम रोलरवर काचेसारखा पांढरट थर धरतो. त्या जागी रोलर शाई धरत नाही, आणि हा त्रास मॅजेंटाच्या युनिटला सर्वांत जास्त होतो. भगवा आणि चेहरे तिथेच ढासळतात. नेहमीच्या वॉशने हा थर निघत नाही; त्यासाठी वेगळं कॅल्शियम रिमूव्हर येतं. आरओचं पाणी वापरणं बरं, पण अगदी निर्जीव पाणीही कागदातला कॅल्शियम ओढतं, म्हणून आरओच्या पाण्यासाठी बनवलेलंच कॉन्सन्ट्रेट घ्यावं.

दाब, रोलर, कागद

प्लेट आणि ब्लँकेट यांच्यातला दाब साधारण ०.१० मि.मी. असतो. पॅकिंग (प्लेट-ब्लँकेटखाली घालायचे कागद) अंदाजाने घातलं की ठिपके लांबुळके होतात. कलर बारमधल्या (तावाच्या कडेच्या रंगपट्टीतल्या) बारीक रेघांच्या चौकोनात आडव्या आणि उभ्या रेघा वेगवेगळ्या गडद दिसल्या तर हेच समजावं. शाई लावणाऱ्या रोलरने प्लेटवर उमटवलेली पट्टी दोन्ही टोकांना सारखी, ४ ते ५ मि.मी. असावी. एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला सहा भरत असेल, तर तावाची एक बाजू कायम गडद येणार. चाव्यांनी ती झाकता येते, बरी होत नाही.

कागदाबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे: जीएसएम (दर चौरस मीटरचं वजन) तेच, म्हणजे कागद तोच. १३० जीएसएमचे दोन गिरण्यांचे आर्ट पेपर शेजारी ठेवून बघा. एक निळसर पांढरा, एक दुधाळ. निळसर पांढरेपणा कागदातल्या ब्राइटनरमुळे येतो. त्यावर छापलेला फिका राखाडी आपोआप थंड दिसतो. म्हणून मोठ्या जॉबचा सगळा कागद एकाच लॉटचा घ्यावा. मॅपलिथो शाई पितो. तिथे सियान-मॅजेंटा १.० आणि काळा १.२५ च्या जवळपासच थांबतात. आर्ट पेपरवरच्या आकड्यांचा हट्ट धरून शाई ओतली तर रंग उठत नाही, मागच्या बाजूला दिसतो एवढंच.

दिवाळी अंकांची मुखपृष्ठं सप्टेंबर-ऑक्टोबरात छापली जातात, म्हणजे पाऊस परतताना. कागद दमट हवेत ताणतो, कोरड्यात आकसतो. गोडाउनमधून आणलेला रीम लगेच फोडू नये. मशीनच्या खोलीत, वेष्टनासकट, एक-दोन दिवस राहू द्यावा. खोलीत आर्द्रता ५० ते ५५ टक्के ठेवता आली तर उत्तम. टू-कलर मशीनवर दोन फेऱ्यांत फोर-कलर छापणाऱ्यांना याचा फटका जास्त बसतो, कारण पहिल्या आणि दुसऱ्या फेरीच्या मध्ये ताव मोठा झालेला असतो. त्यांच्यासाठी आणखी एक मेख आहे. ओल्या शाईवर ओली शाई जितकी बसते त्यापेक्षा वाळलेल्यावर जास्त बसते, त्यामुळे दोन फेऱ्यांतले लाल, हिरवे, निळे चार युनिटच्या मशीनपेक्षा वेगळे येतात. अशा मशीनचं प्रोफाइल वेगळं काढावं लागतं. तयार प्रोफाइलच्या प्रूफशी ते जुळणार नाही.

मशीन चालू झाल्यावर

क्रम असा ठेवावा: आधी रजिस्टर (रंग एकमेकांवर नेमके बसणं) आणि पाणी, मग चारही रंगांची सलग डेन्सिटी, मग ५० टक्क्यांच्या चौकोनातला फुगवटा. सियान, मॅजेंटा, पिवळा यांच्या फुगवट्यात एकमेकांपासून पाच अंकांहून जास्त अंतर नको. मग बघायचा राखाडी चौकोन. सियान ५०, मॅजेंटा ४०, पिवळा ४० अशा तीन रंगांचा बनलेला हा चौकोन शेजारच्या काळ्या ५० टक्क्यांच्या चौकोनासारखा तटस्थ दिसायला हवा. अमेरिकेतली ‘जी७’ पद्धत याच कल्पनेवर उभी आहे. डोळ्याला लालसर-हिरवट झुकाव राखाडीत फार लवकर कळतो, म्हणून यंत्र नसलेल्या छापखान्यालाही हा चौकोन फुकटात चांगला पहारेकरी मिळतो. चित्राकडे बघायचं ते यानंतर. पहिल्यापासून चित्रावर रंग जुळवला तर एक चेहरा साधतो आणि तावावरचं बाकीचं वाटेल तसं जातं.

चावीचा अंमल साधारण तीन-सव्वातीन सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्यावर असतो, आणि तो पट्टा तावाच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत जातो. एका तावावर अनेकांची व्हिजिटिंग कार्डं बसवतात तेव्हा हे विसरलं जातं. एका रांगेत वर भगवी कार्डं आणि खाली फोटो असलेली कार्डं आली की दोघांना हवी ती शाई एका चावीने देता येत नाही. हा प्रश्न मशीनवर सुटत नाही, पानं लावतानाच सोडवावा लागतो: जड रंगाची कामं एका पट्ट्यात, फोटोंची दुसऱ्या.

चालू असताना दर अडीचशे ते पाचशे तावांनी एक ताव काढून ओके केलेल्या तावाशेजारी ठेवावा, आणि मोजावा. एका तावावर चावी हलवू नये. सलग दोन-तीन तावांत एकाच दिशेने सरकलेला आकडा दिसला तरच हलवावी, आणि हलवल्यावर परिणाम दिसायला पन्नासेक ताव जाऊ द्यावेत. ब्लँकेट धुतल्यानंतर किंवा मशीन थांबवून सुरू केल्यानंतरचे पहिले ताव बिनदिक्कत वेस्टेजमध्ये टाकावेत. गठ्ठ्यात मध्येच वेगळा दिसणारा भगवा बहुतेक वेळा याच तावांतला असतो.

सुकल्यावर, लॅमिनेशननंतर, कुठल्या दिव्याखाली

ओली शाई चकाकते म्हणून गडद दिसते. वाळली की डेन्सिटी ०.०५ ते ०.१० ने उतरते, मॅपलिथोवर त्याहून जास्त. पोलरायझिंग फिल्टरचा डेन्सिटोमीटर ही चकाकी वगळून मोजतो, त्यामुळे ओल्या-सुक्यातला फरक कमी दिसतो. ग्लॉसी लॅमिनेशनने रंग गडद आणि भरीव होतात. मॅटने काळा राखाडीकडे जातो, गर्द रंगांचा जोर कमी होतो. म्हणून मॅट लॅमिनेशन होणार असेल तर ग्राहकाला सही घेण्याआधी ते चढवलेला तुकडा दाखवावा, लॅमिनेशन नसलेला ताव नाही.

दिव्याचा मुद्दा छोटा पण खर्चिक भांडणं वाचवणारा आहे. दोन रंग ट्यूबलाइटखाली जुळतात आणि उन्हात फुटतात, कारण त्यांच्यातली शाईची मिश्रणं वेगळी असतात. ‘आयएसओ ३६६४’ हे मानक डी५० प्रकाश, म्हणजे ५००० केल्व्हिन, आणि बारकाईने जुळवण्यासाठी २००० लक्सची तीव्रता सांगतं. बाजारातला ६५०० चा कूल व्हाइट एलईडी हे काम करत नाही. तो निळा असतो, आणि त्याच्याखाली मशीनमन नकळत पिवळा वाढवतो. टेबलाच्या आजूबाजूची भिंत रंगीत नको, राखाडी बरी.

तेच काम वर्षाने परत आलं तर

ग्राहक गेल्या वर्षीची पत्रिका घेऊन येतो आणि ‘अगदी असंच’ म्हणतो. ती पत्रिका उघड्यावर असेल तर तिचा रंग उतरलेला आहे. नेहमीच्या पिवळ्या आणि मॅजेंटा शाईचा उजेडातला टिकाऊपणा सियान आणि काळ्यापेक्षा बराच कमी असतो. दुकानाबाहेर उन्हात लटकलेली जुनी पोस्टरं निळी पडतात ती याचमुळे. अशा नमुन्याशी भगवा जुळवायला गेलं तर नवं काम मुद्दाम फिकं छापावं लागेल. म्हणून ओके तावाचे दोन तुकडे अंधाऱ्या पाकिटात ठेवावेत, आणि पाकिटावर कागदाचं नाव व लॉट, शाईची कंपनी, चारही डेन्सिटी, ५० टक्क्यांचे फुगवटे, वापरलेला कर्व्ह, रंगांचा क्रम आणि लॅमिनेशन लिहावं. मुख्य रंगाचे एल-ए-बी आकडे असतील तर तेही. कागद पिवळा पडतो, आकडे पडत नाहीत.

पैसे बेताचे असतील तर खरेदी या क्रमाने करावी: ठिपके बघायचं भिंग आणि प्रत्येक जॉबवर कलर बार, मग कंडक्टिव्हिटी मीटर, मग डी५० चा दिवा, मग डेन्सिटोमीटर. स्पेक्ट्रोफोटोमीटर त्यानंतर. चिलर बंद आणि रोलरवर कॅल्शियम असलेल्या मशीनजवळ महागडा स्पेक्ट्रो ठेवला, तर तो बिघाड दशांशात सांगेल, इतकंच.